दोरी आधी बाईंनी ओढायची

शिवकांताबाईंवर मी जेवढी चिडले, तेवढी कुठल्या आमदारावरही चिडले नसेन. आमदाराकडून आपली काही अपेक्षा नसते. बाईंकडून होती.

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत आमचं घर आणि बाईंचं घर समोरासमोर. आमच्या घरात वडिलांनी आणलेली पत्रकं असायची. शेतमजुरांची, रेशनची, पाण्याची. मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती त्यांच्या पुढच्या बाजूवर. त्यामुळे लहानपणीच माझी एक समजूत पक्की झाली: जगात काही बिघडलं, तर बिघडवणारा कुणीतरी असतो, तो वर बसलेला असतो, आणि त्याचं नाव मोठ्या टायपात छापायचं असतं.

बाईंच्या घरात पत्रकं नव्हती. त्यांच्या अंगणात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तार बांधलेली होती आणि तिच्यावर बाईंनी स्वतः बिघडवलेल्या वस्तू लटकत असायच्या. चरे पडलेला पिस्टन. तुटलेली रिंग. आटे गेलेला प्लग. वाऱ्यानं त्या एकमेकींवर आपटून वाजायच्या. नवा माणूस विचारायचा, "बाई, हे काय हो, नजर लागू नये म्हणून बांधलंय का?" बाई म्हणायच्या, "न्हाई. मला माझी नजर ठिकाणावर ऱ्हावी म्हणून."

बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मला चौथीला त्याच होत्या. उंच, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. वर्गात त्यांची एक तऱ्हा होती. कुणाचं गणित चुकलं की त्या मारत नसत, रागावतही नसत. त्याला फळ्यापाशी बोलावून तेच गणित पुन्हा तसंच चुकवून करायला लावत. मोठ्यानं बोलत बोलत. "हातचा कुठं सोडलास? सोड पुन्हा. आता बघ, खाली काय झालं?" चुकलेलं गणित दुसऱ्यांदा चुकवताना जी लाज वाटते ती छडीनं वाटत नाही. पण तो हातचा मग जन्मात सुटत नाही. मी हे अनुभवावरून सांगते.

निवृत्तीच्या सुमारास त्यांचे यजमान गेले. त्यांची जुनी मोपेड अंगणात पडून राहिली. मेकॅनिकनं पाहून सांगितलं, भंगारात द्या. बाईंनी पाना आणला आणि ती स्वतः खोलली. इंजिन कसं असतं याची त्यांना काही माहिती नव्हती. खोलताना त्यांनी सुटे भाग पापडाच्या बाजेवर मांडले, हे बरं केलं. पण इंजिनात जाणारी हवा गाळायची जाळी काळी दिसली म्हणून ती साबणाच्या पाण्यात घासून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. जाळी कागदाची होती. वाळल्यावर तिचा पापडच झाला. मोपेड सुरू झाली, ढेकर दिली आणि बंद पडली.

दुसरी कुणी असती तर नवी जाळी आणून विषय संपवला असता. बाईंनी नवी जाळी आणली, बसवली, गाडी चालवली आणि मग ती काढून पुन्हा ती धुतलेली जाळी बसवली. आम्ही सगळी गल्ली बघत होतो.

"आता कशाला बाई? चालली की गाडी!" माझी आई म्हणाली.

"चालती कशी ते कळलं. न चालती कशी ते ऐकायचं हाय," बाई म्हणाल्या. "आता ऐकलं की पुढच्या बारीला ओळखू येतंय."

हीच त्यांची पद्धत झाली. चूक झाली की आधी ती सुधारायची, मग मुद्दाम एकदा पुन्हा करून तिचा आवाज, वास, धूर ध्यानात घ्यायचा, आणि शेवटी चांगलं बसवून द्यायचं. हळूहळू लोक त्यांच्याकडे यंत्रं आणू लागले. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन, लग्नातला छोटा जनरेटर. बाई ओसरीवर बैठक मारून बसायच्या, गळ्यातली डबी पदरासकट पाठीवर टाकायच्या, म्हणजे खाली वाकल्यावर ती चाकात अडकू नये. डबी पाठीवर गेली की गल्लीला कळायचं, बाई कामाला लागल्या.

त्या फार हुशार कारागीर होत्या असं कुणी समजू नये. त्या खूप चुकायच्या. शेजारच्या नागनाथअप्पांच्या फवारणी पंपात त्यांनी एकदा साधं पेट्रोल भरलं. त्या इंजिनाला पेट्रोलात ऑइल मिसळून लागतं. पंप पाच मिनिटं किंचाळला आणि पिस्टन आतल्या आत चिकटला. अप्पांना काही कळलं नव्हतं. ते म्हणत होते, "जुनाच हाय हो बाई, त्याचं वय झालं." बाईंनी त्यांना थांबवलं. "वय न्हाई झालं अप्पा. मी मारला त्याला." नवा पिस्टन घालून दिला आणि जुना तारेवर टांगला.

मला त्या 'जाहीरनामा' म्हणायच्या. मी फाटकातून आत शिरले की ओरडायच्या, "आला गं बया जाहीरनामा! कुणाचा निषेध हाय आज?" मी कॉलेजात असताना पाण्याच्या टाकीवरून एक पत्रक लिहिलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"चांगलं हाय. पण यात आपली चूक कुठं हाय?"

"आपली कशी असेल बाई? टाकी त्यांनी बांधली नाही."

"अन् गल्लीतल्या तोट्या कुणी तोडल्या? ज्या पत्रकात आपली चूक न्हाई, ते पत्रक निम्मं हाय पोरी."

मी चिडून निघून आले. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जी पत्रकं वाटली, त्यातलं एकही मग पूर्ण नव्हतं की काय? मला वाटायचं, हा शाळामास्तरी प्रामाणिकपणा आहे, वर्गात शोभतो. बाहेरच्या जगात तुम्ही एक बोट स्वतःकडे केलंत, की समोरचा तेवढंच बोट धरून तुम्हाला ओढत नेतो. आणि तसंच झालं.

गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाला एका योजनेतून कोळपणीचं यंत्र मिळालं होतं. पेट्रोलवरचं, हातानं धरून चालवायचं, दोरी ओढून सुरू करायचं. ते आल्यापासून नीट सुरू होत नव्हतं. लातूरचा विक्रेता फोन उचलत नव्हता. उचलला तर "माणूस पाठवतो" म्हणायचा. सोयाबीनमध्ये तण माजलं होतं. शेवटी गटाच्या अध्यक्षीण कौशाबाई आणि भामाबाई यंत्र हातगाड्यावर टाकून बाईंकडे घेऊन आल्या.

बाईंनी झाकण काढलं. आत मॅग्नेटचं जड चाक असतं, ते मधल्या दांड्यावर नटानं आवळलेलं असतं. चाक आणि दांडा एकाच जागी धरून ठेवायला मध्ये नखाएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. ती चावी जागेवर असली तरच ठिणगी वेळेवर पडते. नट ढिला होता आणि चावी चेपून गेली होती.

"हे कुणी न उघडताच असं झालंय," बाई म्हणाल्या. "कारखान्यातूनच ढिला आलाय नट."

बाईंनी चावीसाठी विक्रेत्याला फोन लावला; तो "पाठवतो" म्हणाला. उदगीरच्या दुकानांत त्या मापाची चावी नव्हती. इकडे बायका रोज येऊन विचारायच्या. "बाई, आजचा दिस तरी?" "बाई, तण गुडघ्याला आलंय हो." भामाबाई सगळ्यांत उतावळी होती. कोळपणीची कामं तिनं अंगावर घेतली होती. शेवटी बाईंनी दाराच्या जुन्या पितळी कडीचा तुकडा कानशीनं घासून चावी केली, बसवली, नट आवळला. यंत्र झकास सुरू झालं. "ही तात्पुरती हाय बरं का," त्या म्हणाल्या. "खरी चावी आली की बदलायची." कौशाबाई "हाव, हाव" म्हणाल्या आणि यंत्र घेऊन गेल्या. तात्पुरतं म्हणून दिलेलं आपल्याकडे कुणी परत आणत नाही.

काही दिवसांनी सकाळी वस्तीतून एक बाई पळत आली. भामाबाईनं यंत्राची दोरी ओढली, तर दोरीनं उलटा झटका देऊन तिचा हातच आत खेचला. उजवं मनगट मोडलं होतं.

भामाबाईची सासू बाईंच्या फाटकात येऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "शाळा सरली तर घरी देवदेव करावं माणसानं! आमच्या सुनंचा हात घेतला हिनं. आता काय माझ्या हातानं खुरपणार ती?"

मी बाईंच्या बाजूनं पुढे झाले. "आजी, यंत्रच खराब आलंय. विक्रेत्याला धरा!" मला खरोखर तसं वाटत होतं. त्याच विक्रेत्याची यंत्रं आणखी कुठेकुठे गेली होती आणि तीही बिघडली होती, असं लोक बोलत होते. माझ्या डोक्यात पत्रक तयारच झालं होतं. मथळासुद्धा सुचला होता.

बाईंनी मला हातानं मागे सारलं. "यंत्र मला एकदा बघू द्या," त्या सासूला म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं असंल तर मला कळलं पायजे."

गटानं यंत्र समाजमंदिरात कुलूप लावून ठेवलं होतं. पुष्कळ विनवण्यांनंतर कौशाबाईंनी ते बाईंच्या अंगणात आणलं, पण सात-आठ बायका पहाऱ्याला बरोबर. बाईंनी डबी पाठीवर टाकली आणि झाकण काढलं. पितळी चावी निम्मी कापली गेली होती. पितळ मऊ. चाक थोडं पुढं सरकलं होतं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडून यंत्र उलटं फिरत होतं.

"झालं की मग," मी हळूच म्हणाले. "आता बंद करा. नट त्यांचाच ढिला होता, मूळ चावी त्यांचीच चेपलेली होती, हे लिहू."

बाईंनी ऐकलंच नाही. चाक होतं तसं, सरकलेलंच ठेवून त्यांनी नट आवळला. घरातून लाटणं आणलं. दोरीच्या मुठीत ते आडवं घातलं आणि नुसत्या दोन बोटांनी सैल धरलं. मला कळलं त्या काय करत आहेत. त्या फळ्यापाशी उभ्या होत्या आणि हातचा पुन्हा सोडत होत्या. सगळ्या वस्तीसमोर.

"बाई, नका," मी म्हणाले.

त्यांनी ओढलं. यंत्र एकदा खोकलं आणि दोरी उलटी गेली. लाटणं बोटांतून सुटून यंत्राच्या पत्र्यावर असं आदळलं की त्याचे दोन तुकडे झाले. तारेवरच्या वस्तू किणकिणल्या. भामाबाई मागे, गळ्यात अडकवलेल्या हातानिशी, त्या तुटक्या लाटण्याकडे बघत होती.

"हाव," बाई म्हणाल्या. "माझीच चूक. पितळ घालायचं नव्हतं. अन् दिलं तर पहिल्यांदा मीच चालवून बघायचं होतं, चार दिस." मग भामाबाईकडे वळल्या. "मला दुरुस्त करू दे भामा. चूक केली ती मी. ती दुरुस्त करायला मला मिळाली न्हाई तर काय उपेग?"

"अय्यो, अजून हात लावायचा हाय तुम्हाला?" कौशाबाई म्हणाल्या. "न्हाई बाई. लई झालं." यंत्र पुन्हा समाजमंदिरात गेलं.

मी पत्रक लिहिलं. बाईंनी अट घातली, आपली चूक आधी लिहायची. मी भांडले. म्हणाले, बाई, तुम्ही एका पितळी तुकड्याची कबुली देणार आणि तो लातूरचा माणूस सुटणार. म्हणाले, खरेपणा ही श्रीमंतांना परवडणारी गोष्ट आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग माझं नाव काढून टाक. तुझं पत्रक तू लिही." तसं करायची मला लाज वाटली. म्हणून मी दोन्ही लिहिलं: बाईंची पितळी चावी, आणि कारखान्यातून ढिले आलेले नट. खाली बाईंनी सांगितलेल्या दोन ओळी टाकल्या: झाकण कसं उघडायचं, नट कसा तपासायचा.

पुढे पंचायतीत बैठक झाली. विक्रेत्याचा माणूस आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं माझं पत्रक खिशातून काढलं. एका वाक्याभोवती पेननं गोल केला होता. फक्त एका. तेवढंच वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ही त्यांचीच कबुली आहे. बाहेरच्या माणसानं मशीन उघडलं, आमची जिम्मेदारी संपली." आणि त्यानं पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. माझं पत्रक! माझ्याच अक्षरांनी त्यानं आम्हाला गप्प केलं. मी ओरडले, बाकीची वाक्यं वाच म्हणाले. बैठक चालवणाऱ्या साहेबांनी मला बसायला सांगितलं.

बाहेर येताना मी बाईंना म्हणाले, "बघा. हेच म्हणत होते मी."

"त्यानं निम्मंच वाचलं ही त्याची चूक हाय," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी आपण निम्मं लिहायचं का?"

तिकडे अर्धापूरहून त्याच विक्रेत्याचं यंत्र घेतलेल्या एका केळीवाल्या बाईचा फोन आला, की पत्रक वाचून आम्ही आमचा नट बघितला, ढिला होता, आवळला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "एक तरी मनगट वाचलं." मला ते पुरेसं वाटलं नाही. विक्रेता अजून दुकान उघडून बसलाय. मी अजून चिडलेली आहे.

त्यानंतर बाईंकडे कुणी यंत्र आणेना. नागनाथअप्पासुद्धा पंप घेऊन दुसऱ्या गल्लीनं जायचे. बाई मधूनमधून वस्तीत जाऊन कौशाबाईंना विचारून यायच्या, "देता का? निस्तं चावी बदलते." दर वेळी नकार. एकदा मी त्यांना समाजमंदिराच्या खिडकीच्या गजाला धरून आत बघताना पाहिलं. यंत्रावर धूळ बसली होती.

नांदेडहून त्यांचा मुलगा महेश आला. "अव्वा, बस झालं. तू माझ्याकडं चल. तिथं काही खोलायचं न्हाई, काही जोडायचं न्हाई." बाईंनी वाद घातला नाही, याचंच मला वाईट वाटलं. त्यांनी तारेवरच्या वस्तू एकेक काढून पिशवीत भरल्या.

निघायच्या सकाळी महेशची गाडी फाटकात उभी होती. सामान भरून झालं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हातगाड्याची चाकं वाजली. भामाबाई होती. एकटीच, डाव्या हातानं हातगाडा रेटत, उजव्या हातानं नुसतं सावरत. मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं. हातगाड्यावर यंत्र.

"लातूरला हात दाखवायला गेल्ते," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "तिथल्या दुकानात ही घावली." पदराच्या गाठीतून तिनं लोखंडी चावी काढली. "कौशाबाईनं सांगितलंय, बाईला हात लावू देऊ नको. मी लावते हात. तुम्ही निस्तं सांगा."

"अव्वा, उशीर होऊन राहिला," महेश म्हणाला.

बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, परीक्षेच्या वर्गातल्या पर्यवेक्षकासारखे. भामाबाईनं झाकण काढलं, नट सोडवला. बाई म्हणाल्या, "आधी चावी न घालता चाक बसव. फिरव. बघ कसं सरकतं. सरकलं? आता हाताकडं बघ स्वतःच्या." भामाबाईनं वाकड्या मनगटाकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि बराच वेळ ती चाक पुढंमागं सरकवत राहिली. मग तिनं चावी घातली. चाक जागच्या जागी बसलं. नट आवळला. बाई म्हणाल्या, "अजून." तिनं अजून आवळला. महेशनं हॉर्न वाजवला.

भामाबाई उठली आणि दोन पावलं मागे सरली. "दोरी तुम्ही ओढायची," ती म्हणाली. "आधी तुम्ही. मगच माझा हात."

ते तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बाईंनाही ते पटलेलं दिसलं, कारण त्या लगेच उठल्या. गळ्यातली डबी पाठीवर टाकली. एक पाय यंत्रावर रोवला. लाटणं वगैरे काही नाही, मूठ पूर्ण हातात धरली आणि ओढली.

काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. काही नाही. भामाबाई वाकली आणि तिनं टाकीखाली बघितलं.

"बाई, पेट्रोलचा कॉकच उघडला न्हाई."

"मी सांगितलंच न्हाई तुला," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

"आता पुन्हा चुकवून बघायचं का?" भामाबाईनं विचारलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण आवाजात होतं.

"तेच तर बघितलं की दोनदा!" बाई म्हणाल्या. भामाबाईनं कॉक उघडला.

तिसऱ्या ओढीला यंत्र धरलं. निळा धूर निघाला, सगळी गल्ली त्या आवाजानं भरून गेली आणि महेशचा हॉर्न त्यात बुडाला. तो हातानं खुणा करत होता. बाईंनी दोरीची मूठ सोडली नव्हती. ती त्या हळूहळू, अजिबात झटका न देता, आत जाऊ देत होत्या.